पलीकडची ओ

"तीनदा!" सोनूमावशीनं तीन बोटं माझ्या नाकाला टेकतील इतकी जवळ आणली. "तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. पैल्या हाकेला दिलीस तर माझ्याशी गाठ हाय. कळलं का रं रंगवाल्या?"

"कळलं."

"आन् तुमी!" ती कड्यावर जमलेल्या लोकांकडं वळली. "हाक मारायची ती नाव घेऊन. नुसतं 'अरे' न् 'अगं' हितं चालायचं न्हाई."

"का हो मावशी?" सुनेत्रानं विचारलं. तिच्या गळ्यात टेपरेकॉर्डर लटकत होता.

"नाव घेतलं की हाक ज्याची त्याला जाती. बिननावाची हाक बेवारशी. ती कुणीबी उचलतंय."

लोक हसले. मीही हसलो. मावशीनं तोंडातली मिश्री बाजूला थुंकली आणि आम्हा सगळ्यांकडं असं बघितलं, की हसा लेको, हसून घ्या.

आता हे सगळं काय चाललं होतं ते सांगतो. सुनेत्रा माझी शाळेतली मैत्रीण. ती कोल्हापूरला चित्रकला शिकली, पुढं मुंबईला गेली, आणि चित्रं काढायची सोडून लोकांना कामाला लावायला लागली. याला ती कला म्हणायची. एकदा तिनं अनोळखी लोकांकडून त्यांच्या जुन्या घरांच्या किल्ल्या मागून आणल्या आणि एका पिंपळाला टांगल्या. एकदा चाळीतल्या सगळ्यांना एकाच भिंतीला आपापल्या आवडीच्या रंगाचा हात मारायला लावला, आणि त्या भिंतीचा रंग गेला माझ्या दुकानातून. माझं गडहिंग्लजच्या बाजारपेठेत रंगाचं दुकान आहे. मैत्रीच्या नावाखाली ती डबे उचलायची, मी बोंबलायचो, आणि द्यायचो.

या खेपेला तिला रंग नको होता. माझा आवाज हवा होता.

"भालू, तुझ्या आवाजाला लाउडस्पीकर लागत नाही," ती म्हणाली. "खडपवाडीची घळ आठवते? तिच्या अलीकडच्या कड्यावरून लोक हाका मारतील. ज्याला हाक मारायची राहून गेली त्याला. मेलेला आजोबा, रुसलेला भाऊ, विकलेला बैल, कुणीही. आणि पलीकडच्या कड्यावरून तू ओ द्यायचीस."

"यात कला कुठं आहे?"

"ओ आल्यावर माणसाचा चेहरा बघ, मग कळेल."

"मी पलीकडं असणार. मला चेहरा कसा दिसणार, बाई?"

"म्हणून तर तुला पलीकडं ठेवतेय. अलीकडं असलास तर चेष्टा करशील."

खरं होतं.

खडपवाडी आजऱ्याच्या पुढं, घाटमाथ्यावर. मोबाईल तेव्हा नुकते आले होते, पण तिथं त्यांचा उपयोग वेळ बघण्यापुरता. एसटी थांब्यावर, कड्याला लागूनच, सोनूमावशीची चहाची टपरी होती, आणि मावशी हो म्हणाली म्हणून गाव हो म्हणालं. सुनेत्राचे मित्र कोल्हापूरहून आले, त्यांच्यामागं त्यांच्या ओळखीचे आले, आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं नुसती गंमत बघायला आली आणि शेवटी रांगेत उभी राहिली. कुणी घरची घोंगडी अंथरली, कुणी पोतंभर शेंगा आणल्या. कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि दुपारपर्यंत सगळे एकमेकांच्या डब्यात जेवत होते. हे मात्र सुनेत्राला जमायचं, ते मान्य केलंच पाहिजे.

मी घळीला वळसा घालून पलीकडं गेलो. हातभर उंच खडकावर उभा राहिलो. समोरचा कडा स्पष्ट दिसत होता, माणसंही दिसत होती, पण तोंडं ओळखू येत नव्हती. मधे घळ, आणि तिच्या तळाशी धुकं साचलेलं. दसरा होऊन गेला होता तरी ते दिवसभर हललं नाही.

पहिली हाक एका ट्रक ड्रायव्हरनं मारली. "बाबूराऽऽव!" एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी छाती भरून "ओऽऽ" दिली. समोर तो माणूस मटकन खालीच बसला. मग हाका सुरू झाल्या. एका मुलीनं आजोबांना हाक मारली, एका बँकेतल्या साहेबानं स्वतःलाच, लहानपणीच्या नावानं. एका म्हाताऱ्यानं त्याच्या पाखऱ्या बैलाला हाक मारली तेव्हा मी क्षणभर विचारात पडलो, बैल ओ कशी देईल? पण दिली. म्हातारा समोर हात जोडून उभा राहिला, आणि खोटं कशाला सांगू, मीही इकडून हात जोडले.

एक गोष्ट मात्र मला सकाळीच खटकली होती. माझी ओ घळीत जायची आणि परत यायची. प्रतिध्वनी, त्यात काय एवढं! पण ती परत यायला वेळ लावायची. आणि एक-दोनदा मला वाटलं, परत आलेली ओ मी दिली होती त्याहून जरा लांबलेली आहे. मी पाणी प्यायलो आणि विचार झटकून टाकला.

दुपारी जेवायला मी अलीकडं आलो, तेव्हा टपरीपाशी मास्तरीणकाकी बसली होती. हिरवं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचे यजमान गावच्या शाळेत मास्तर होते. आठ-नऊ वर्षांमागं एका संध्याकाळी म्हैस परतली नाही म्हणून ते घळीत उतरणाऱ्या पाऊलवाटेनं खाली गेले. म्हैस वर आली. मास्तर आले नाहीत. पुढच्या पावसात दरड कोसळली आणि ती वाटही मधेच तुटली. आता ती चाळीसेक पावलं खाली जायची आणि संपायची. संपायची म्हणजे पुढं काहीच नव्हतं.

"मुलगा पुण्याला बोलावतोय," काकी सांगत होती. "म्हणतो, आई, क्रिया करून टाकू, नि चल इकडं. मी म्हटलं, बांगड्या कशा उतरवू? गेले म्हणून कुणी सांगितलं? आता हे तुमचं हाकांचं ऐकलं. म्हटलं, मीही एकदा मारून बघते. ओ नाही आली, तर गेले असं धरीन. दिवाळीनंतर पुण्याला जाईन."

सुनेत्रानं माझ्याकडं बघितलं. मी तिला बाजूला घेतलं.

"हे बघ, मेलेल्या आजोबाला ओ देणं वेगळं. ही बाई खरोखरच उत्तर विचारतेय. मी ओ दिली, तर ती जन्मभर इथं वाट बघत बसेल."

"म्हणून तू द्यायची नाहीस," सुनेत्रा म्हणाली. "शप्पथ?"

"गळ्याशप्पथ."

आम्ही परत आलो, तर सोनूमावशी काकीवर खेकसत होती. दोघी एकाच माहेरच्या, एकाच ओढ्यावर वाढलेल्या, म्हणून मावशीला तो हक्क होता.

"काय म्हणून हाक मारणार हाईस, ते सांग आदी."

"काय म्हणून म्हणजे? नेहमीसारखी. 'अहो' म्हणून."

"अगं बया! बिननावाची हाक? हितं? आन् ती बी दिवेलागणीला? नाव घे की मास्तराचं!"

"उखाण्यातसुद्धा कधी नीट घेतलं नाही, सोने. माझ्या तोंडातून नाही यायचं."

"सगळ्या गावानं घेतलं, तू एकदा घेतलंस तर काय आभाळ कोसळतंय?"

काकीनं नुसती मान हलवली. तिच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. आता बोला! नऊ वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचं आयुष्य ही बाई अजून जपत होती.

तिची पाळी शेवटी आली. उन्हं कलली होती. कोल्हापूरची मंडळी घोंगडी झटकत होती, कुणीतरी "ओ ड्रायव्हर, गाडी वळवा!" म्हणून ओरडत होतं, आणि सोनूमावशी टपरीवर शेवटचा चहा करत होती. धुकं मात्र आता हललं होतं. ते घळीतून वर चढत होतं, सावकाश. मी खडकावर हाताची घडी घालून उभा होतो. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. माझ्यासारख्याला तेच अवघड.

काकी कड्याच्या टोकाशी आली. तिच्यामागं सुनेत्रा रेकॉर्डर धरून उभी.

"अहोऽऽ!"

आवाज बारीक होता, पण घळीतून सरळ आला.

आणि ओ आली.

पहिल्याच हाकेला. "ओऽऽ." शांत, जवळची, परसात काम करणारा माणूस देतो तशी. ती माझ्याकडून आली नव्हती, समोरूनही नव्हती. ती खालून आली, धुक्यातून.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आधी वाटलं, कुणीतरी टवाळ पोरगं खाली उतरून चेष्टा करतंय. पण खाली उतरायला वाट कुठं होती?

समोर सुनेत्रा माझ्याकडं हातवारे करत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण शिव्या आहेत हे कळत होतं. तिला वाटलं, मी शपथ मोडली. मी दोन्ही हात हलवून "मी नव्हे! मी नव्हे!" म्हणून ओरडलो. तिनं रागानं पाठ फिरवली, रेकॉर्डर बंद केला आणि गाडीकडं चालायला लागली.

त्यामुळं काकी निघाली तेव्हा तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. ती कड्यावरून डावीकडं वळली आणि त्या तुटक्या पाऊलवाटेला लागली. वरच्या लोकांना ती वाट दिसत नाही, कड्याच्या पोटात आहे. मला पलीकडून सगळं दिसत होतं. हिरवं लुगडं, एक हात कातळाला, एकेक पाऊल.

"अहो," ती चालता चालता म्हणाली. एवढ्या हळू बोललेलं मला ऐकू यायला नको होतं. आलं.

"ओऽऽ." पहिल्यापेक्षा खालून.

मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "ओ काकीऽऽ! ओ काकीऽऽ, थांबा!"

आमच्याकडं कुणाला थांबवायचं तर असंच ओरडतात. ओ मामा, ओ पाव्हणं, ओ काकी. जन्मभराची सवय. घळीनं माझी 'काकी' गिळली, 'थांबा' गिळलं, आणि तेवढी 'ओ' तिच्यापर्यंत पोचवली. काकीनं मान वर केली, तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, पण तिची चाल वाढली. मी पुन्हा ओरडलो, आणि ती पळायलाच लागली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की तिला ओढणाऱ्यांत आता मीही आहे.

मी तोंडावर हात दाबला. धुकं तिच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं.

नाव! नाव घेतलं की हाक ज्याची त्याला जाते. पण हिचं नाव काय? मला ठाऊक नव्हतं. गावात कुणाला ठाऊक होतं? मास्तर होते म्हणून ती मास्तरीण, वय झालं म्हणून काकी. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडात नाही, आणि तिचं नाव कुणाच्याच तोंडात नाही.

मी टपरीकडं तोंड केलं आणि उभ्या आयुष्यात ओरडलो नाही असा ओरडलो, "सोनूमावशीऽऽ!" एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. तिसऱ्या हाकेला मावशी हातात पातेलं घेऊन बाहेर आली. तिनं ओ दिली नाही, शहाणी बाई. मी फक्त हात खाली केला, वाटेकडं.

पातेलं तिथंच पडलं. त्या वयाची बाई इतकी पळू शकते हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कड्याच्या टोकाशी येऊन ती ओणवी झाली.

"धुरपेऽऽ!"

काकी थांबली नाही.

"धुरपेऽऽ!"

खालून, आपण होऊन, काकीनं 'अहो' न म्हणता "ओऽऽ" आली. आता ती अगदी गोड होती. मी देवाधर्माचा माणूस नव्हे, पण खडकाला हात लावून मी आमच्या कुलदैवताला म्हणालो, एकदाच ऐक.

"धुरपेऽऽ! अगं ए धुरपे, आई हाक मारतीया, घरला चल!"

काकी जागच्या जागी उभी राहिली. कमरेपर्यंत धुकं. पुढं दोन पावलं वाट होती, फार तर तीन. तिनं मान वळवून वर बघितलं, आणि लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "ओऽऽ."

घळ गप्प झाली. प्रतिध्वनीसुद्धा आला नाही.

लोकांनी दोर टाकून, हाताला हात धरून तिला वर आणलं. सकाळी एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं, पण साखळी अशी केली की एकाचाही पाय घसरला नाही. मी वळसा घालून धावत पोचलो तेव्हा ती टपरीत बसली होती, खांद्यावर कुणाचं तरी घोंगडं. सोनूमावशी तिला शिव्याही घालत होती आणि तिचे पायही चोळत होती. सुनेत्रा माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती ओ मीच दिली असं तिला वाटत होतं, आणि आजही वाटतं. मी वाद घालायचं सोडून दिलंय.

पण काकीला खरं सांगणं भाग होतं. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो.

"काकी, ती ओ मी दिली नाही. देवाशप्पथ."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तुझी ओ सकाळपासून ऐकतेय की. भोंगा नुसता."

"मग... मास्तर होते?"

तिनं बशीतला चहा फुंकला. बांगड्या वाजल्या.

"ते नव्हेत."

"कशावरून?"

"अरे, हे कधी ओ द्यायचेच नाहीत." ती हे अगदी सहज सांगत होती, भाजी कशी करतात ते सांगावं तसं. "माणूस वाईट नव्हता. पण सगळा संसार झाला, 'अहो' म्हटलं तर 'हं'. कधी 'काय कटकट आहे'. बहुतेक वेळा तेही नाही. वर्तमानपत्रातून डोकं वर यायचं नाही. ओ आली तेव्हाच मला कळलं, की हे नव्हेत. तेव्हाच धरलं मी, की गेले."

"अहो काकी, कळलं होतं, तर मग उतरलात कशाला त्या वाटेनं? पुढं काय आहे ते ठाऊक नव्हतं का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. या माणसाला एवढंही कळू नये, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

"कुणीतरी ओ दिली ना, बाबा," ती म्हणाली. "पहिल्याच हाकेला."

पाय चोळणारे सोनूमावशीचे हात थांबले. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

दिवाळीनंतर काकीनं बांगड्या उतरवल्या आणि ती पुण्याला गेली. जाताना मुलाला तिनं बजावलं म्हणे, घरात मला नावानं हाक मारा, धुरपाबाई म्हणा, आजी-बिजी नंतर. सुनेनं ऐकलं, असं मावशी सांगायची. आता काकी नाही, मावशीही नाही. घळीवर वनखात्यानं कठडा बांधलाय, आणि पोरं तिथं फोटो काढायला जातात.

मी त्या रात्री घळीवरून घरी पोचलो, चपला काढल्या, आणि सवयीनं दुकानाची बिलं घेऊन बसलो.

"अहो," मंदा आतून म्हणाली, "आलात का?"

तोंडात 'हं' आलेलं होतं. मी ते गिळलं.

"ओऽऽ!" मी एवढ्या मोठ्यानं दिली, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मंदा पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "बरं आहे ना तुम्हाला?"

तिला मी कधी काही सांगितलं नाही. नाव घेऊन हाक मार म्हणून एकदा सुचवून बघितलं, तर लाजून पळाली. तेव्हापासून आजतागायत ती 'अहो' म्हणाली, की मी हातातलं काम टाकतो आणि ओ देतो. गिऱ्हाईक हसतात, पोरं चिडवतात, चिडवू देत. सोनूमावशीचा तीन हाकांचा नियम बाकी सगळ्यांसाठी आहे. मंदाच्या पहिल्याच हाकेला मी ओ देतो. मी उशीर केला, आणि माझ्याआधी दुसऱ्या कुणी दिली तर?